ग्रंथखरेदीचे पैसे निम्म्याच्याही खाली आलेत. काय घ्यायचं, काय थांबवायचं, काय बाद करायचं?

दाखलनोंद (धागाकर्ती) | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयात मी चौदा वर्षं ग्रंथपाल आहे. वाचनालय ब वर्गाचं (अनुदानासाठी सरकार अ ते ड असे वर्ग पाडतं, त्यातलं). आलेलं प्रत्येक पुस्तक क्रमांकाने चढतं त्या दाखल नोंदवहीतला शेवटचा क्रमांक २६,४१२. प्रत्यक्षात कपाटांत किती आहेत ते विचारू नका. रडगाणं तिथूनच सुरू होतं.

गेल्या वर्षी ग्रंथखरेदीला ९०,००० रुपये होते, यंदा ३८,०००. कारणं नेहमीचीच. स्थानिक मदत मिळायची ती थांबली. वर्गणीदार ५४० होते ते ३११ वर आले. अनुदानाचा दुसरा हप्ता हातात पडेपर्यंत मार्च उजाडतो, तोवर मंडळ हात आखडून बसतं. परवाच्या सभेत हिशेब मांडला: पगार कमी करता येत नाहीत (आधीच काय आहेत म्हणा!), वीजबिल चुकत नाही, छत गळतंय ते दुरुस्त करायलाच हवं. उरली पुस्तकं. एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "एक वर्ष नवीन नाही घेतली तर काय बिघडलं? सव्वीस हजार आहेत की!" तेवढ्यात चहा आला आणि विषय संपला.

माझी अडचण दुहेरी आहे. पैसे कमी, आणि जागाही नाही. नवीन आणलेली पुस्तकं जिन्याखालच्या बाकावर रचून ठेवते. कपाटं मात्र गच्च, आणि त्यांतली कितीतरी पुस्तकं कोणी हातात घेतल्याचं मला आठवत नाही. ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा. मासिकं तोडावीत की पुस्तकं? जुनी बाद करावीत का, आणि केली तर बोलणी किती खावी लागतात?

---

कसर | सोमवार, रात्री १०:१५

बाद करू नका. एवढंच सांगतो. आमच्या गावच्या वाचनालयाने पंधरा वर्षांपूर्वी 'जागा करायची' म्हणून तीन टेम्पो रद्दी काढली. माझ्या वडिलांनी भेट दिलेली पुस्तकं, त्यांच्या सहीसकट, मला रद्दीवाल्याच्या हातगाडीवर दिसली. किलोच्या भावाने परत विकत आणली.

(टोपणनावावरून गैरसमज नको. पुस्तक खाणाऱ्या किड्याचं नाव घेतलं असलं तरी मी पक्षकार पुस्तकांचाच.)

---

हडपसर_पॅसेंजर | मंगळवार, सकाळी ७:०५

मी महाविद्यालयीन ग्रंथपाल, पुण्यात. दाखलनोंद, पहिलं काम: मासिक की पुस्तक असा वाद सभेत घालू नका, दोन्हीचा वाचनाप्रमाणे खर्च काढा. अवघड काही नाही. वर्षाला १,२०० रुपये वर्गणीचं मासिक वर्षात सहा जणांनी नेलं असेल तर एका वाचनाला २०० रुपये पडले. ३०० रुपयांची कादंबरी ४५ वेळा बाहेर गेली असेल तर एका वाचनाला सात रुपयेसुद्धा नाहीत. हा तक्ता एका पानावर मांडून अध्यक्षांपुढे ठेवा. भावनेवर चर्चा होते तेव्हा ज्याचा आवाज मोठा त्याचं मासिक टिकतं. आकडे पुढे आले की निदान थोडी शांतता पसरते.

एक सावधगिरी. मासिकं वाचनकक्षात बसून चाळली जातात, त्याची नोंद कुठेच होत नाही. पंधरा दिवस टेबलावर सोडलेले अंक संध्याकाळी उचलताना मोजा, आणि वाचकांना सांगा की वाचून झालेला अंक परत घडवंचीवर ठेवू नका. आम्ही असं मोजलं तेव्हा बंद करायच्या यादीतली दोन नियतकालिकं बचावली, आणि 'प्रतिष्ठेचं' म्हणून वर्षानुवर्षं येणारं एक बंद झालं. त्याचं वेष्टनच कोणी फोडत नव्हतं.

---

वाचनवेडी | मंगळवार, सकाळी ११:३०

सभासदाच्या बाजूने बोलू का? मी वर्गणी भरते ती नवीन पुस्तकांसाठी. सव्वीस हजार असतील, पण आम्ही नेहमीचे वाचक दाराजवळच्या त्या एका कपाटातलंच नेतो. त्यात तीन महिने काही हललं नाही की पावलं आपोआप थांबतात. आमच्या सोसायटीतल्या चौघींनी वर्गणी याच कारणाने बंद केली. कोणी तक्रार केली नाही, भांडण नाही. नुसत्या यायच्या बंद झाल्या.

---

बर्मिंगहॅमचा_बाप्या | मंगळवार, संध्याकाळी ५:५०

वाचनवेडी म्हणताहेत ते इथे मोठ्या प्रमाणावर घडलेलं पाहिलंय. आमच्या शहराने २०१३ मध्ये सुमारे १८.८ कोटी पौंड खर्चून नवीन ग्रंथालय उघडलं. सोनेरी-काळ्या कड्यांची नक्षी असलेली इमारत, बघायला लांबून लोक यायचे. दोन वर्षांत, २०१५ साली, आठवड्याचे ७३ तास होते ते ४० वर आले. त्याच वर्षी शहरातल्या ग्रंथालयांत फलक लागले की पुस्तकखरेदीचा निधी आटला आहे, तुमच्याकडची नवीन पुस्तकं भेट द्या. म्हणजे इमारत सोन्याची आणि पुस्तकं मागून आणायची! सप्टेंबर २०२३ मध्ये तर महापालिकेनेच हात वर केले, अत्यावश्यक सोडून नवीन खर्च बंद अशी नोटीस काढली. २०१० नंतरच्या दहा वर्षांत ब्रिटनमध्ये आठशेच्या आसपास ग्रंथालयं बंद पडली.

फलक बघून बहुतेकांनी काय आणून दिलं असेल? जे त्यांना घरात नको होतं ते. देणगी आली की खरेदीची गरज भागते असं समजू नका. वाचकाला हवं ते पुस्तक आणि दात्याला नको असलेलं पुस्तक यांची गाठ क्वचितच पडते.

---

जमाखर्च | मंगळवार, रात्री ८:२०

कोकणातल्या एका वाचनालयाचा खजिनदार. व्यवसायाने हिशेबनीस, म्हणून रुक्ष बोलतो, राग मानू नये.

आपल्याकडे पुस्तकं बाद होत नाहीत ती पुस्तकांवरच्या प्रेमामुळे, हा गैरसमज आहे. वर्ग ठरवताना ग्रंथसंख्या मोजली जाते. आकडा घटला तर वर्ग जाईल, वर्ग गेला तर अनुदान जाईल, या धाकाने फाटकी, वाळवीने चाळण केलेली, १९७० सालच्या खतांच्या मात्रा सांगणारी पुस्तकंसुद्धा शिरगणतीला उभी असतात. मेलेला मतदार यादीत राहतो तसं. २०१२ नंतर दहाएक वर्षं अनुदान वाढलंच नाही. मग ६० टक्के वाढलं तेव्हा ड वर्गाचं वर्षाचं ३०,००० होतं ते ४८,००० झालं. महिन्याला चार हजार! त्यात पगार, वर्तमानपत्रं, वीज आणि पुस्तकं. असल्या स्थितीत वर्गाचा धोका कोण पत्करणार? ग्रंथपालांना दोष देत नाही, पण रोगाचं नाव तरी घेऊ.

दाखलनोंद, तुमचा वर्ग टिकायला लागते त्यापेक्षा तुमची संख्या किती वर आहे ते आधी नियमांत पाहा. आमच्याकडे भरपूर वाव निघाला. धाक बराचसा ऐकीव होता.

आणि 'कपाटात किती आहेत विचारू नका' म्हणालात, म्हणून विचारतो. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत, नियम २१५ मध्ये, ग्रंथालयांची स्वतंत्र सोय आहे. २०,००० पर्यंत ग्रंथ असतील तर दरवर्षी पूर्ण पडताळणी, २०,००० ते ५०,००० असतील तर तीन वर्षांतून किमान एकदा. आणि वाचायला दिलेल्या दर हजारामागे पाच ग्रंथ गहाळ होणं वाजवी मानलं आहे. तो नियम केंद्राच्या कार्यालयांसाठी, आपल्याला थेट लागू नाही, पण सभेत दाखवायला उत्तम. तुमची वर्षाची देवघेव १८,००० असेल तर ९० पुस्तकं गहाळ होणं माणुसकीत बसतं. ग्रंथपालाच्या पगारातून कापायची भाषा निघाली की हा कागद काढायचा.

---

दाखलनोंद | मंगळवार, रात्री १०:०५

जमाखर्च, ती भाषा आमच्याकडे दोनदा निघालीय. कागद छापून ठेवते.

हडपसर, तक्ता करायला घेतला. संगणकावर नोंदी गेल्या सहा वर्षांच्याच आहेत, त्याआधीचं सगळं पुस्तकाच्या शेवटी चिकटवलेल्या तारखांच्या चिठ्ठीवर. उद्यापासून दुपारी वाचनालय बंद असतं त्या वेळेत एकेक कपाट काढते.

---

कसर | बुधवार, सकाळी ६:४५

चिठ्ठीवर तारीख नाही म्हणजे पुस्तक मेलं, असं कोणी ठरवलं? ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी १९३१ मध्ये ग्रंथालयाची पाच सूत्रं सांगितली, त्यातलं तिसरं: प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक. पुस्तक पंचवीस वर्षं थांबतं आणि एक दिवस कोणीतरी प्रबंधासाठी नेमकं तेच मागायला येतं. तेव्हा काय सांगणार, किलोने गेलं?

---

हडपसर_पॅसेंजर | बुधवार, सकाळी ७:१०

चौथंही रंगनाथनांचंच आहे की, वाचकाचा वेळ वाचवा. गच्च भरलेल्या कपाटात हवं ते पुस्तक शोधताना त्याचा वेळ जातो त्याचं काय? आणि पाचवं, ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे. वाढणाऱ्या झाडाची छाटणी करतात.

पण कसर यांचा मुद्दा मी सोडत नाही. बाद करण्याआधी 'हे आणखी कुठे आहे का' हे विचारलंच पाहिजे. टेक्सासमधल्या ग्रंथपालांनी १९७६ मध्ये छाटणीची एक पद्धत लिहून काढली, ती जगभर वापरतात. त्यात जे प्रश्न आहेत ते आपल्या भाषेत सांगायचे तर: माहिती दिशाभूल करते का, पुस्तक हातात धरवत नाही इतकं खराब आहे का, त्याची सुधारित आवृत्ती आली आहे का, मजकूर उथळ आहे का, तुमच्या वाचकाला त्याचा उपयोग आहे का, आणि दुसरीकडे सहज मिळतं का. शेवटचा प्रश्न तालुक्याच्या वाचनालयाला सगळ्यात महत्त्वाचा. गाजलेल्या कादंबरीच्या सात प्रती असतील तर पाच काढा, जग बुडणार नाही. गावच्या देवस्थानचा १९३६ सालचा अहवाल एकच असेल तर तो कोणी कधीच नेला नसला तरी हात लावायचा नाही. १८६७ पर्यंतचं काही सापडलं तर ते दोलामुद्रित, म्हणजे मराठी छपाईच्या बाल्यावस्थेतलं. ते कुलुपात ठेवा आणि मोठ्या ग्रंथसंग्रहालयाला कळवा.

---

वकिलीण_बाई | बुधवार, दुपारी २:१५

दिशाभूल करणाऱ्या पुस्तकांवरून आठवलं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. आमच्या गावच्या वाचनालयात अजून भारतीय दंड संहितेची मार्गदर्शकं दर्शनी कपाटात आहेत. एक मुलगा पोलीस भरतीसाठी त्यातली कलमं पाठ करत होता. ३०२ म्हणजे खून! मी म्हटलं, बाळा, आता १०३.

पण सगळी टाकून देऊ नका. १ जुलै २०२४ च्या आधी घडलेल्या गुन्ह्यांचे खटले जुन्याच संहितेखाली चालताहेत, ते अजून बरीच वर्षं चालतील. एक चांगली प्रत ठेवा, पहिल्या पानावर ठळक चिठ्ठी लावा. बाकीच्या काढा.

---

हडपसर_पॅसेंजर | बुधवार, दुपारी ३:००

वकिलीणबाई, नेमकं बोललात. स्पर्धा परीक्षांचंही तेच. राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली. मुख्य परीक्षेचे वस्तुनिष्ठ प्रश्नसंच म्हणजे आता नुसतं वजन. ही पुस्तकं महाग, पातळ बांधणीची, आणि दोन वर्षांत शिळी होतात. पैसे कमी असताना यांच्या दहा प्रती घेण्यापेक्षा अभ्यासिकेतल्या मुलांनाच विचारा काय हवंय. बरीच मुलं स्वतःची पुस्तकं घेऊन येतात, त्यांना हवी असते खुर्ची, पंखा आणि शांतता.

आणि कोणी विचारायच्या आधी सांगतो: एक राष्ट्र एक सदस्यता नावाची केंद्राची ६,००० कोटींची योजना २०२५ पासून सुरू आहे, तीत तीस प्रकाशकांची तेरा हजारांच्या आसपास शोधनियतकालिकं वाचायला मिळतात. ती सरकारी उच्चशिक्षण आणि संशोधन संस्थांसाठी. सार्वजनिक वाचनालयाला त्यातून दमडीचा उपयोग नाही.

---

दाखलनोंद | शनिवार, रात्री ९:१५

चार दुपारी गेल्या. हाताला जुन्या कागदाचा वास आहे, तो साबणाने जात नाही. सांगते काय सापडलं ते.

वर्गांक ८९१.४६३ पासून सुरुवात केली, म्हणजे मराठी कादंबऱ्या. एका भिंतीकडची ३०० पुस्तकं एकेक उघडली. १८८ पुस्तकं गेल्या दहा वर्षांत किमान एकदा बाहेर गेलीत. उरलेल्या ११२ पैकी ४१ पुस्तकांवरचा शेवटचा शिक्का विसाव्या शतकातला. एका कादंबरीच्या चिठ्ठीवर ओळीने अठ्ठावीस तारखा आहेत, १९८७ ते १९९१, आणि मग एकदम काही नाही. पुस्तक चांगलं आहे, मी वाचलंय. काय झालं असेल ते पुस्तक जागेवरून काढताना कळलं: १९९१ मध्ये कोणीतरी ते कपाटाच्या वरच्या फळीवर, दुसऱ्या रांगेत, मागे सरकवलं होतं. पुढे दुसरी रांग आली. ते दिसणंच बंद झालं.

अशी मागच्या रांगेतली चांगली पुस्तकं ११२ पैकी ३० निघाली. कसर, तुम्ही अर्धे बरोबर होतात. ती तीस दाराजवळच्या कपाटात 'पुन्हा भेटा' अशी पाटी लावून मांडली. तीन दिवसांत अकरा गेली. एक रुपया खर्च न होता.

बाकी ८२ पैकी कसरीने आणि वाळवीने खाल्लेली २६, पानं गळालेली १९, आणि राहिलेल्या ३७ जादा प्रती. आणि एक निराळाच प्रकार. त्या भिंतीला लागून एक आख्खा खण आहे, जवळपास कोरी पुस्तकं, कडक पुठ्ठा, चकचकीत आवरण, किंमत ४०० ते ६००, आत दीडशे पानं मोठ्या अक्षरात. एकाही चिठ्ठीवर तारीख नाही. मी येण्याच्या आधीची खरेदी. जुनी बिलं काढली तर सवलत साठ टक्के!

---

जमाखर्च | शनिवार, रात्री ९:५०

हा! ती 'वाचनालयासाठीची' पुस्तकं. छापील किंमत फुगवायची, सवलत भरघोस द्यायची, मंडळाला वाटतं किती पैसे वाचले. दुकानात ती कधी दिसत नाहीत, कारण वाचक ती घेणार नाही. ६०० चं पुस्तक २४० ला घेतलं आणि कोणी नेलं नाही, तर २४० गेले. ३५० चं पुस्तक वीस टक्के सवलतीने २८० ला घेतलं आणि साठ जणांनी नेलं, तर एका वाचनाला पावणेपाच रुपयेसुद्धा नाहीत. यंदा ३८,००० आहेत ना? सवलतीचा रकाना बघूच नका. सभासदांसाठी मागणीवही ठेवा आणि त्यातून निवडा. शंभर-सव्वाशे पुस्तकं येतील, पण सगळी फिरतील.

राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाच्या (ग्रंथालयांना मदत करणारी केंद्राची संस्था) योजनांचं जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांकडे विचारून ठेवा. समनिधी योजनेत राज्याचा वाटा जमेस धरून प्रतिष्ठान पैसे घालतं. मदत पुस्तकांच्या रूपाने येते, निवड दर वेळी आपल्या मनासारखी नसते, पण संदर्भग्रंथांची बाजू तिकडून सांभाळली तर तुमचे रोख पैसे कथा-कादंबरीला मोकळे राहतात.

---

वाचनवेडी | रविवार, सकाळी १०:४०

'पुन्हा भेटा' कपाटाचा फोटो टाका ना! आणि दिवाळी अंकांची योजना बंद करू नका काहीही झालं तरी. त्या तीन महिन्यांसाठी पैसे भरणाऱ्या कितीतरी जणी आहेत, त्यांच्यापैकी काही पुढे वर्षभराच्या सभासद होतात. मी तशीच झाले.

---

कसर | रविवार, दुपारी १२:२०

तीस पुस्तकं जिवंत निघाली हे वाचून बरं वाटलं. अर्धा बरोबर ठरलो, या वयात तेवढं पुष्कळ.

एक विनंती. उरलेल्या ८२ ची यादी इथे टाका. आणि भेट मिळालेली जी असतील त्यांच्या घरी आधी एक फोन करा. सही असेल तर ते परत नेतील. मी नेलं असतं.

---

दाखलनोंद | सोमवार, रात्री ८:३०

कसर, केले फोन. नऊ घरं. दोन क्रमांक बंद, चौघांनी 'तुम्हीच ठेवा नाहीतर द्या कोणाला' म्हटलं, तिघं येऊन घेऊन गेले. त्यातल्या एक आजी पुस्तक हातात घेऊन तिथेच बाकावर बसल्या. त्यांच्या यजमानांनी समासात पेन्सिलीने भांडण केलं होतं लेखकाशी. तासभर वाचत होत्या.

आता भेट स्वीकारताना एक छापील कागद भरून घेते: 'पुस्तक संग्रहात ठेवणे, दुसऱ्या वाचनालयास देणे किंवा बाद करणे हा निर्णय वाचनालयाचा.' हे पहिल्या दिवसापासून हवं होतं.

आज मंडळाची सभा झाली. हडपसर यांचा तक्ता एका पानावर, जमाखर्च यांचा नियम मागच्या बाजूला. दोन मासिकं आणि एक इंग्रजी वर्तमानपत्र बंद झालं. बाद करायचा ठराव फक्त खराब झालेल्या ४५ पुरता झाला, जादा प्रती दुसऱ्या वाचनालयांना द्यायला हरकत नाही असं ठरलं. दाखल नोंदवहीत लाल शाईने शेरा मारायला बसले तेव्हा हात थोडा अडखळला, खोटं का बोलू. ज्येष्ठ सभासद म्हणाले, "एवढ्यातच भागवा." मी म्हटलं, अजून एकोणतीस भिंती आहेत. चहा आला.

खरेदीचे ३८,००० मात्र ३८,०००च राहिले. त्यात बदल नाही.

जादा प्रतींची यादी टाकतेय खाली, ३७ आहेत. ज्या वाचनालयाला हव्यात त्यांनी सांगा, टपालखर्च तुमचा. नोंदणीकृत पुस्तक टपाल डिसेंबर २०२४ मध्ये बंद झालं, पण मे २०२५ पासून ज्ञान पोस्ट आहे, ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, पाच किलोपर्यंत १००, कर वेगळा.

---

जमाखर्च | सोमवार, रात्री ८:४४

यादीतला क्रमांक २२, ती रहस्यकथा, कृपया आमच्यासाठी राखून ठेवा. आमच्या प्रतीचा शेवटचा फर्मा गायब आहे, सोळा पानं. तरी लोक नेतात. खून कोणी केला ते आमच्या गावात वीस वर्षं कोणालाच माहीत नाही.

---

दाखलनोंद | सोमवार, रात्री ८:५२

राखून ठेवली. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. गुरुवारी टपालात टाकते, त्याआधी मी वाचणार आहे.